गृहरचना आणि बोलतें यंत्र

शेतकऱ्याच्या आयुष्यांत घर बांधण्याचा योग बहुधा एकदांच येतो. गोठा, कांद्याची चाळ किंवा धान्याचें कोठार बांधण्याचा फार तर दोनतीनदां. पेरणींत झालेली चूक पुढील हंगामांत सुधारतां येते, पण भिंतींत झालेली चूक मुलानातवंडांपर्यंत चालत येते. असें असूनहि ज्या कामाचा आपल्याकडे सर्वांत कमी विचार होतो तें हेंच होय. विहीर खणावयाची असली तर चार ठिकाणीं विचारपूस होते, बैल घ्यावयाचा असला तर चार जाणते त्याचे दांत व खूर पाहतात. परंतु घराचा नकाशा मात्र तालुक्याच्या गांवीं अर्ध्या तासांत काढून घेतला जातो, आणि तो बहुतेक वेळां शहरांतील सदनिकेचाच उतारा असतो. यांत दोष केवळ शेतकऱ्याचा आहे असें म्हणतां येणार नाहीं. आपल्या घराविषयीं त्याला सांगावयाचें पुष्कळ असतें, पण तें सावकाशीनें ऐकून घेणारा कोणी भेटत नाहीं. आणि जें सांगावयाचें तें रेघांच्या भाषेंत मांडण्याची विद्या त्याच्यापाशीं नसते.

गेल्या कांहीं वर्षांत भाषा जाणणाऱ्या कृत्रिम बुद्धीचा जो प्रसार झाला आहे, त्यामुळें या अडचणीवर एक नवाच उपाय पुढें आला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी नांवाचें संवादयंत्र सर्वांस खुलें झालें. पुढें त्याच जातीचीं अनेक यंत्रें निघालीं, आणि हातांतील मोबाईलवर मराठींत बोलावें व मराठींतच उत्तर ऐकावें, इतपत सोय आतां साध्या माणसासहि झाली आहे. भारत सरकारनेंहि २०२२ सालींच देशी भाषांसाठीं ‘भाषिणी’ ही योजना चालू केली. असें यंत्र नकाशा काढणाऱ्या संगणकास जोडलें, तर मालकानें बोलावें आणि यंत्रानें रेघा ओढाव्या, मालकानें नापसंती दाखवावी आणि यंत्रानें फेरबदल करून पुन्हां दाखवावें, असा क्रम चालू शकतो. वास्तुविद्येंतील लोक यास संवादी रचना म्हणतात. हें साधन आपल्या कितपत उपयोगाचें आहे, आणि त्यावर कोठपर्यंत विसंबावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम एवढें सांगितलें पाहिजे कीं, कल्पना आजकालची नव्हे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत आयव्हन सदरलंड यांनीं १९६३ सालीं ‘स्केचपॅड’ नांवाची युक्ति सिद्ध केली. प्रकाशाच्या लेखणीनें पडद्यावर रेघ ओढावी आणि यंत्रानें ती नेमकी करून द्यावी, असा तो प्रकार होता. त्या यंत्रास रेघ कळत होती, बोलणें कळत नव्हतें. पुढें त्याच संस्थेंत निकोलस नेग्रोपोंटी व लिऑन ग्रॉइसर यांनीं ‘अर्बन-५’ नांवाचें यंत्र उभें केलें. त्यांत १० फुटी घन ठोकळे पडद्यावर मांडून इमारत रचावयाची, आपल्या अटी साध्या इंग्रजी वाक्यांत टंकून सांगावयाच्या, आणि मांडणी त्या अटींशीं जुळेनाशी झाली म्हणजे यंत्रानें मालकास टोकावयाचें, अशी योजना होती. नेग्रोपोंटी यांनीं १९७० सालीं ‘दि आर्किटेक्चर मशीन’ या पुस्तकांत हा सर्व वृत्तांत दिला आहे. यंत्र हें केवळ आज्ञाधारक गडी न राहतां भागीदार व्हावें, ही त्यांची आकांक्षा. ती त्या वेळीं सिद्धीस गेली नाहीं. कर्त्यांनीं जे प्रश्न अगोदर कल्पून ठेवले होते तेवढ्यांचेंच उत्तर त्या यंत्रापाशीं होतें.

त्याच सुमारास, म्हणजे १९७० च्या आगेंमागें, टेरी विनोग्राड यांनीं ‘श्रडलू’ नांवाचें एक यंत्र रचलें. पडद्यावरील ठोकळे, सुळके व एक पेटी, एवढेंच त्याचें जग. ‘लाल ठोकळ्यावरील सुळका काढून पेटींत ठेव’ अशा धर्तीची आज्ञा इंग्रजींत दिली कीं तें ती बिनचूक पार पाडी, आणि असें कां केलें म्हणून विचारलें तर कारणहि सांगे. लोक चकित झाले. परंतु त्याचें यश त्याच्या जगाच्या लहानपणांत होतें. ठोकळ्यांच्या जगांतून खऱ्या घराच्या जगांत पाऊल टाकतांच शब्दांस शंभर फांटे फुटतात, आणि तेथें तो मार्ग खुंटला. १९७६ सालीं गाय वाइन्झाप्फेल व नेग्रोपोंटी यांनीं सामान्य माणसास स्वतःचें घर स्वतः आंखतां यावें म्हणून एक प्रयोग केला व त्यास ‘योना’ हें नांव दिलें. आद्याक्षरांवरून होणारा अर्थ ‘तुमचा स्वतःचा देशी वास्तुविशारद’ असा, आणि योना फ्रीडमन या वास्तुविशारदाच्या नांवावर केलेला तो श्लेषहि होता. घर ज्याचें त्यानेंच तें ठरवावें, तज्ज्ञानें फक्त परिणाम समजावून द्यावे, हें फ्रीडमन यांचें सांगणें होतें. १९८० सालीं रिचर्ड बोल्ट यांनीं त्याच संस्थेंत बोटानें दाखवून व तोंडानें सांगून पडद्यावरील आकृति हालविण्याचा प्रयोग केला. ‘हें तेथें ठेव’ एवढें म्हटलें कीं काम भागे. आपण गवंड्याशीं बोलतों तें याच पद्धतीनें, हें वाचकांच्या लक्षांत येईलच.

या सर्व मंडळींपेक्षां शेतकऱ्यांच्या दृष्टीनें अधिक जवळचा असा एक प्रयत्न आपल्याच देशांत झालेला आहे, व त्याची माहिती आपल्याकडे फारशी कोणास नाहीं. ख्रिस्तोफर अलेक्झांडर हे तरुण वास्तुविशारद १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत गुजराथेंतील बावरा या खेड्यांत कांहीं महिने राहिले. तेथील माणसें कशीं राहतात, गुरें कोठें बांधतात, पाणी कोठून आणतात, कोणत्या रूढि पाळतात, हें पाहून ६०० वस्तीच्या एका खेड्यास काय काय पाहिजे याची त्यांनीं यादी केली. ती १४१ बाबींची झाली. घराचें दार दक्षिणेकडे नसावें हा लोकांचा समज तींत आहे, आणि पिकांचें गुरांपासून व चोरांपासून रक्षण, जळणाची सोय, पाण्याची वांटणी याहि गोष्टी आहेत. नंतर कोणती बाब कोणत्या बाबीशीं गुंतलेली आहे हें पाहून ती सर्व गुंतागुंत त्यांनीं अमेरिकेंत नेली व मोठ्या संगणकाकडून तिचे गट पाडून घेतले. मुख्य गट चार निघाले. गुरें, बैलगाड्या व जळण यांचा एक. शेती व पाणी यांचा दुसरा. गांवच्या सामाइक व्यवहारांचा तिसरा. आणि कुटुंबाच्या खाजगी राहणीचा चौथा. १९६४ सालच्या ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ या त्यांच्या पुस्तकाच्या परिशिष्टांत हें सर्व छापलेलें आहे.

आमच्या मतें या उदाहरणांतील शिकण्याजोगी गोष्ट संगणक ही नसून ती १४१ बाबींची यादी होय. संगणकानें गट पाडले, पण यादी करण्यासाठीं माणसास खेड्यांत जाऊन राहावें लागलें. जें कोणी सांगितलेंच नाहीं तें संगणकास कळणार कोठून? पुढें स्वतः अलेक्झांडर यांचाहि गणिती पद्धतीवरील भर कमी झाला, आणि १९७७ सालीं त्यांनीं सहकाऱ्यांसह ‘ए पॅटर्न लँग्वेज’ हा ग्रंथ काढला. त्यांत घर, गल्ली व गांव यांतील २५३ नमुने दिले आहेत. ओट्यासारखी बसण्याची जागा, दोन बाजूंनीं उजेड येणारी खोली, असा एकेक नमुना म्हणजे त्या भाषेंतील एकेक शब्द, आणि घर म्हणजे त्या शब्दांचें वाक्य, अशी त्यांची मांडणी आहे.

आतां आजच्या यंत्राकडे वळूं. २०१७ सालीं गूगल कंपनींतील संशोधकांनीं मांडलेल्या एका रचनेवर हीं यंत्रें आधारलेलीं आहेत. अफाट मजकूर वाचावयास लावून एका शब्दामागें दुसरा कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हें त्यांस शिकविलेलें असतें. आणि या एकाच शिक्षणांतून प्रश्नास उत्तर देणें, सारांश काढणें, सूचना समजणें इत्यादि गुण त्यांच्या अंगीं येतात. त्यांचा कान, असें म्हटलें तर, फार चांगला आहे. अर्धवट वाक्य, मध्येंच बदललेला विचार, ‘त्या खोलीपेक्षां हिला थोडा उजेड पाहिजे’ असली मोघम मागणी, हें सर्व त्यांस बरेंचसें उमगतें. परंतु त्यांच्या हातीं ओळंबा नाहीं व गुण्याहि नाहीं. लांबीरुंदी, कोन, एका भिंतीची दुसरीशीं गांठ, यांविषयीं तीं शब्दांच्या अंदाजानें बोलतात, मोजून नव्हे. म्हणून १२ फूट रुंदीच्या जागेंत ८ व ६ फुटांच्या दोन खोल्या शेजारीं शेजारीं बसविल्याचें तीं बिनदिक्कत सांगूं शकतात.

यावर उपाय म्हणून जाणते लोक काम दोघांत वांटून देतात. भाषायंत्रानें ऐकावें, आणि ऐकलेल्याचें रूपांतर खोलीचें नांव, लांबी, रुंदी, शेजार व दाराची दिशा अशा कोष्टकांत करावें; नकाशा काढण्याचें काम मात्र भूमितीच्या नियमांनीं चालणाऱ्या दुसऱ्या कार्यक्रमाकडे असावें. त्यास बेरीज चुकवितां येत नाहीं. जागा कमी पडली तर तो तसें कळवितो, आणि भाषायंत्र तें आपणांस मराठींत सांगतें. घरमालकानें असलें कोणतेंहि साधन वापरण्यापूर्वीं रेघा कोण ओढतो हें अवश्य विचारावें. केवळ रंगीत चित्र काढून देणारीं यंत्रें २०२२ पासून पुष्कळ निघालीं आहेत. त्यांतील घरें डोळ्यांस गोड दिसतात, पण त्यांच्या जिन्यास पायऱ्या किती व त्या कोठें पोंचतात हें पाहूं लागलें कीं घोटाळा उघड होतो. त्यांविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं.

खरी अडचण निराळ्या ठिकाणीं आहे. यंत्र ज्या नकाशांवर शिकलें, त्यांत आपलें घर आहे काय? २०२३ सालीं ‘टेल टू डिझाइन’ या नांवानें वर्णन व नकाशा यांच्या जोड्यांचा एक मोठा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें ८०,००० नकाशे असून प्रत्येकाबरोबर तो शब्दांत सांगितलेला आहे. परंतु हे नकाशे शहरी राहण्याच्या जागांचे आहेत. बैठकीची खोली, निजण्याची खोली, स्वयंपाकघर, न्हाणी व सज्जा, एवढ्यांत ते जग संपतें. गुरांचा गोठा नाहीं, वैरणीची जागा नाहीं, अवजारांची पडवी नाहीं, सुगीच्या वेळीं २० पोतीं उतरून ठेवावयाची ओसरी नाहीं. अशा संग्रहावर शिकलेल्या यंत्रापाशीं आपण घर मागितलें तर तें जें देईल तें तालुक्याच्या गांवीं मिळणाऱ्या उताऱ्याहून निराळें कसें असेल?

आणि येथें आपल्या भाषेचा प्रश्न येतो. मराठी घराचे जुने शब्द म्हणजे नुसतीं खोल्यांचीं नांवें नव्हत. ओसरी म्हटली कीं परका मनुष्य कोठपर्यंत येणार, घरांतील बायकांस त्याच्या नजरेआड कसें वावरतां येणार, ऊन व पाऊस कोठें अडणार, इतक्या गोष्टी एका शब्दांत ठरून जातात. माजघर, पडवी, परसू, बळद, माळा यांचेंहि तसेंच. अलेक्झांडर यांनीं २५३ नमुने लिहून काढले, पण आपल्या आज्यापणज्यांच्या तोंडीं तसे नमुने शब्दरूपानें आयतेच होते. घराचें मापहि चौरस फुटांत न सांगतां खणांत सांगत. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण, त्यामुळें पांच खणांचें घर म्हटलें कीं सुतारास लांकडाचा हिशेब लगेच कळे. यंत्रास मात्र खण म्हणजे चोळीचें कापडहि वाटेल आणि मेजाचा कप्पाहि वाटेल. सातारा-कोल्हापुराकडील माणसानें ‘पुढें सोपा पाहिजे’ म्हटलें तर त्याच्या नकाशांत बसावयाचा सोफा येऊन पडण्याचा संभव आहे. कांद्याची चाळ मागणारास मुंबईच्या बिऱ्हाडांची चाळ मिळूं शकेल. शिवाय एकच शब्द प्रांतोप्रांतीं फिरतो. देशावर खळें म्हणजे मळणीची जागा, तर कोंकणांत घरापुढील अंगणास खळें म्हणतात. देशावर वाडा म्हणजे पाटलाचा चौसोपी वाडा, कोंकणांत गुरांचाहि वाडा असतो. यंत्राचा यांत अपराध नाहीं. ज्या भाषेंतील घरांविषयीं छापील मजकूरच थोडा, त्या भाषेंतील घर त्यास शिकविणार कोण? आपण हे शब्द वापरणें सोडलें, दाराबाहेरच्या जागेस ‘पोर्च’ व माजघरास ‘हॉल’ म्हणूं लागलों, त्याचें फळ असें येतें कीं त्या शब्दांतील शहाणपणहि आपल्या घरांतून निघून जातें.

मात्र जुनें तें सर्व सोनें, असेंहि कोणी समजूं नये. मराठवाड्यांतील माळवद घ्या. लांकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेलें हें धाबें उन्हाळ्यांत थंड राहतें, म्हणून शेंकडों वर्षें तें चालत आलें. गळूं लागलें कीं वर आणखी माती टाकावयाची, अशा रीतीनें कित्येक घरांवर तो थर फूट दोन फुटांपर्यंत चढला होता. खालीं भिंती दगडमातीच्या, रुंद पण आंतून पोकळ भरावाच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, आणि लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील हजारों माणसें निजल्या जागींच या माळवदांखालीं व भिंतींखालीं गेलीं. घर मागणाराच्या आवडीला ‘नको’ म्हणणारा कोणी असावा लागतो तो याचसाठीं.

त्या आपत्तीनंतर जें झालें तेंहि आपल्या विषयाशीं निगडित आहे. ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. जमीनधारणेच्या मानानें २५०, ४५० व ७५० चौरस फुटांचीं घरें ठरविण्यांत आलीं, आणि पुष्कळ गांवांची मांडणी शहरांतील वसाहतीसारखी सरळ रुंद रस्त्यांची व चौकटींची झाली. हजारों लोक उघड्यावर असतां घाई करणें भाग होतें, आणि नवीं घरें भूकंपास टिकतील अशीं बांधलीं गेलीं, हें श्रेय नाकारतां येत नाहीं. परंतु गुरें कोठें बांधावयाचीं, कडबा कोठें रचावयाचा, बायकांनीं आडोशास कोठें बसावयाचें, हे प्रश्न त्या चौकटींत कित्येक ठिकाणीं मावले नाहींत. पुढें लोकांनीं आपापल्या परीनें भिंतींबाहेर पडव्या व गोठे जोडले, आणि ते जोडतांना भूकंपाचे नियम कोणी पाहिले असतील असें नाहीं. हजारों कुटुंबांशीं घरोघर बसून नकाशावर बोलणें त्या वेळीं कोणत्याहि सरकारास मनुष्यबळानें शक्य नव्हतें. भाषा जाणणाऱ्या यंत्राकडून जर कांहीं मोठें काम व्हावयाचें असेल तर तें हेंच कीं, प्रत्येक कुटुंबाचें म्हणणें त्याच्या बोलींत सावकाश ऐकून घेऊन त्याची यादी इंजिनियरापुढें ठेवणें. यंत्र कंटाळत नाहीं. तेंच तें दहादां विचारलें तरी रागावत नाहीं. आणि दारांत पुरुषमंडळी बसलीं असतां आंतील बाईस जें बोलतां येत नाहीं तें ती यंत्रापाशीं बोलूं शकते. चूल कोठें असावी हें स्वयंपाक न करणाऱ्यानेंच ठरवावें, अशी आपल्याकडील चाल आहे. ती सुटली तर बरेंच होईल.

पण ऐकणें हा अर्धा गुण झाला. टोकणें या दुसऱ्या गुणांत आजचीं यंत्रें उणीं पडतात. मालक जें म्हणेल त्यास मान डोलविण्याकडे त्यांचा कल आढळतो. मला माळवदच पाहिजे असें आग्रहानें सांगितलें तर प्रथम धोका सांगून शेवटीं तीं माळवदाची मांडणी काढूनहि देतील. शिवाय जें ठाऊक नाहीं तेंहि त्याच ठाम सुरांत सांगण्याची त्यांस खोड आहे; तुळईची जाडी किंवा सळयांची संख्या त्यांनीं सांगितली म्हणून ती खरी, असें धरून चालल्यास जिवावरचें संकट ओढवेल. वास्तुविशारद ही उपाधि १९७२ च्या कायद्याप्रमाणें नोंदणी झालेल्या माणसासच लावतां येते, आणि इमारत पडली तर जाब त्या माणसास विचारतां येतो. यंत्रास कोणी न्यायाधीशापुढें उभें करूं शकत नाहीं. म्हणून पाया, खांब, तुळई व छप्पर यांचा हिशेब माणसाच्या सहीशिवाय स्वीकारूं नये.

आतां प्रत्यक्ष व्यवहार कसा करावा याविषयीं थोडें. समजा, एका बागायतदारास २५ टन कांदा साठविण्याची चाळ बांधावयाची आहे. त्यानें यंत्रास नुसतें ‘कांद्याची चाळ काढून दे’ असें सांगूं नये. कांदा भरून ठेवावयाची हवेशीर, सपाट्या मारलेली, उंच तळाची इमारत, असें फोड करून सांगावें. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर व दुपाखी चाळ पूर्वपश्चिम असावी, तळ जमिनीपासून १.५ ते २ फूट उंच ठेवून खालून वारा खेळूं द्यावा, पाखीची रुंदी ४ फूट व कांद्याचा थर ४ ते ५ फूट असावा, लांबी ५० फुटांहून अधिक नसावी, हे ठोकताळे शेतकी खात्यानें पुष्कळदां सांगितलेले आहेत. ते यंत्रास आरंभींच अट म्हणून घालून द्यावे, आणि यांतील एखादी अट मोडली तर तूं मला सांगावेंस, असेंहि बजावावें. यंत्रानें आराखडा दिला म्हणजे त्याचा पडताळा स्वतः घ्यावा. दुपाखी चाळींत ४ फूट रुंद, ५ फूट उंच व ४० फूट लांब अशा दोन पाखी धरल्या तर १,६०० घनफूट जागा होते. टनास सुमारें ६५ घनफूट लागतात. म्हणजे २५ टनांची सोय बसली. यंत्रानें २० फूट लांबी सांगितली असती तर तें येथेंच उघडें पडलें असतें. हा हिशेब पाटीवर होतो, त्यास संगणक लागत नाहीं.

गोठ्याचेंहि तसेंच आहे. भारतीय मानक संस्थेच्या दंडकाप्रमाणें एका गाईस छपराखालीं ३.५ चौरस मीटर व उघड्यावर ७ चौरस मीटर जागा लागते. म्हशीस त्याहून थोडी अधिक. सहा गाईंचा गोठा म्हटला तर छपराखालील २१ चौरस मीटर, म्हणजे सुमारें २२५ चौरस फूट, एवढें माप नकाशांत आहे कीं नाहीं हें पाहावें. मग यंत्रास विचारावें कीं, पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, तर गोठ्याचा वास घरांत येईल काय. शेणखताचा खड्डा विहिरीपासून किती दूर आहे. वैरणीची गाडी गव्हाणीपर्यंत मागें घेतां येते काय. रात्रीं गाय व्याली तर घरांतून दिवा घेऊन जाणाऱ्यास चिखल तुडवावा लागेल काय. असे प्रश्न विचारण्यांत हें साधन खरोखर उपयोगी पडतें, कारण प्रत्येक प्रश्नासरशीं नकाशा बदलून पाहण्यास खर्च जवळजवळ नसतो. उलट त्यालाच सांगावें कीं, मला जें सुचलें नाहीं तें तूं विचार. चांगलें यंत्र असल्यास गुरें किती, त्यांत बैल किती, पुढील दहा वर्षांत वाढणार कीं कमी होणार, मुलगे वेगळे राहणार काय, असे प्रश्न तें काढतें, आणि त्यांतील एखादा प्रश्न घरांत कोणी उघडपणें बोललेला नसतो.

बोलतांना आपल्या प्रांताचा शब्द वापरावा आणि लगेच त्याचा अर्थ द्यावा. ‘सोपा, म्हणजे घराच्या पुढच्या बाजूस छप्पर असलेली, एक बाजू मोकळी असलेली बसण्याची जागा,’ असें एकदां सांगितलें कीं त्या संभाषणापुरतें तें यंत्र तो शब्द बरोबर वापरूं लागतें. जागेचें छायाचित्र देतां आल्यास त्यावर झाड, विहीर व उतार यांच्या खुणा करून द्यावें. पाणी कोणीकडे वाहतें हें यंत्रास दिसत नसतें. सातबाऱ्याचा उतारा, गट क्रमांक, बँकेचीं कागदपत्रें असल्या गोष्टी मात्र त्याला देण्याचें कांहींच कारण नाहीं.

नकाशा मनासारखा झाला म्हणजे त्याची छापील प्रत काढून जागेवर चुन्याच्या फक्कीनें खऱ्या मापाची आंखणी करावी. भिंतींच्या जागीं रेघा व दारांच्या जागीं खुंट्या. मग त्या आंखणींतून बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली फिरवून पाहावी, एखादी गाय गव्हाणीच्या जागीं उभी करावी, आणि घरांतील वडीलधाऱ्या बाईस चुलीच्या जागेपासून पाण्याच्या जागेपर्यंत हंडा घेऊन दोन फेऱ्या मारावयास सांगावें. तिनें जें सांगितलें तें यंत्रास कळवून दुसरा आराखडा घ्यावा, आणि तो आराखडा, अटींची यादी व मापांचा पडताळा हे तीनहि कागद इंजिनियराच्या हातीं द्यावे.